टेमघरे सरांचा तास

“मॅडम, ते संगीत तेवढं काढा,” अण्णा म्हणाले आणि चहाचा कप माझ्याकडे सरकवला.

“काढा म्हणजे?”

“म्हंजी पुढच्या सालापास्नं रोबोटिक्स आनायचंय. कंपनीवाला आठवड्याला दोन तास मागतोय. तास काय आभाळातनं पडत्यात व्हय? कुटनं तरी काढाया लागंलच की.”

अण्णा आमच्या संस्थेचे सचिव. शाळा ज्या जमिनीवर उभी आहे ती त्यांच्या घरची, आणि त्यांचं घरही शाळेच्या मागच्या भिंतीला लागून. माणूस मनाने मोठा. पोरांना पाणी कमी पडलं तर स्वतःच्या विहिरीला पाइप लावून मोकळा होणारा. पण एखादी गोष्ट डोक्यात बसली की ती काढायला निम्मं वर्ष जातं. रोबोटिक्स त्यांच्या डोक्यात नुकतंच बसलं होतं.

मी या शाळेची मुख्याध्यापिका. पुण्यात बरीच वर्षं नोकरी करून दिवाळीनंतर इथे घोटावडे फाट्याजवळ रुजू झाले. फेब्रुवारी संपत आला होता आणि पुढच्या वर्षाचं नियोजन माझ्यापुढे होतं. लोकांना वाटतं, पुस्तकं सरकारकडून येतात, मग शाळेने नियोजन करायचं ते काय? पुस्तकं येतात हे खरं. पण आठवड्यातले तास ठरलेले असतात. त्यात तीन भाषा, गणित, विज्ञान, इतिहास-भूगोल, शिवाय चित्रकला, संगीत, खेळ आणि कार्यानुभव एवढं सगळं पहिली ते दहावी बसवायचं असतं. ‘सर्वांगीण विकास’ हे दोन शब्द प्रत्येक शाळेच्या माहितीपत्रकावर असतात. आमच्या माहितीपत्रकावर तर त्या शब्दांच्या शेजारी टेमघरे सरांचा पेटी वाजवतानाचा रंगीत फोटोच आहे.

त्या टेमघरे सरांचाच आता प्रश्न होता. शिक्षकाला पूर्णवेळ ठेवायचं तर आठवड्याला अमुक इतके तास त्याच्या नावावर लागतात. याला आमच्यात कार्यभार म्हणतात. पाचवी ते आठवीचं संगीत काढलं की सरांकडे फक्त प्राथमिकचे वर्ग उरत होते. म्हणजे सर अर्धवेळ. मी त्यांना आडून विचारलं तर ते शांतपणे म्हणाले, “अर्धवेळात घर चालायचं नाही मॅडम. मेव्हण्याने पिरंगुटला एका कारखान्यात स्टोअरला बघून ठेवलंय. तिथे जाईन.” जणू कुणा तिसऱ्याच माणसाबद्दल बोलत होते.

मी अण्णांना म्हटलं, “शनिवारी पालकांसोबत मीटिंग आहे. तोवर थांबा. मी बघते.”

“बघा. पर दोन तास पायजेत म्हंजी पायजेत.”

मी ठरवलं, संगीताच्या बाजूने चांगला भक्कम मुद्दा तयार करायचा. मुलं काय शिकली ते मुलांच्याच तोंडून ऐकायचं आणि मीटिंगमध्ये मांडायचं. मी सातवीत गेले.

“संगीताच्या तासाला या वर्षी काय काय शिकलात?”

पहिल्या बाकावरचा एकजण ताडकन उभा राहिला. “वर्गमूळ!”

वर्ग हसला नाही. त्यांना त्यात हसण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. मी सहावीत गेले. तिथे संगीताच्या तासाला विज्ञानाची प्रश्नोत्तरं झाली होती. आठवीत मी विचारल्यावर मागून एक मुलगी म्हणाली, “मॅडम, आपल्याला संगीताचा तास असतो?”

माझा भक्कम मुद्दा तिथेच बसला.

असं का होतं ते सांगते. वेळापत्रक करताना आधी गणित आणि भाषा भरतात, मग विज्ञान वगैरे. उरलेल्या भोकांत संगीत, चित्रकला, खेळ. ही भोकं बहुतेक दुपारच्या शेवटच्या तासांना उरतात. आणि वर्षाच्या शेवटी ज्याचा पोर्शन राहतो, तो शिक्षक या तासांकडे डोळा लावून बसतो. “सर, आजचा तास द्याल का?” असं गोड बोलून तास मागून घ्यायचा. सगळ्या शाळांत चालतं. आमच्याकडे फक्त ते जूनपासूनच चालू होतं, कारण टेमघरे सर कुणालाच नाही म्हणत नव्हते.

मी तडक संगीताच्या खोलीत गेले. खोली कसली, खेळाच्या गाद्या आणि मोडके बाक ठेवायची जागा. सर एका गादीवर बसून हातोडीने तबला चढवत होते.

“सर, या वर्षी तुमचे किती तास झाले?”

“झाले की थोडे.” हातोडी चालूच.

“सातवीला झाले?”

“सातवीचे जगताप मॅडमना लागतात ना. गणित राहतं त्यांचं. इतक्या पोटतिडकीने मागतात, कसं नाही म्हणायचं? शेवटी मुलांचंच भलं आहे.”

“अहो सर, तासच होत नाहीत असं अण्णांना कळलं तर ते म्हणतील, मग शिक्षक तरी कशाला? तुम्ही आपल्या हाताने पायावर धोंडा मारून घेताय!”

सर ओशाळून हसले. “आवाज लागला बघा आता,” म्हणाले आणि तबल्यावर थाप मारली. आवाज खरंच सुरेख लागला होता. मी दार आपटून बाहेर पडले.

जगताप मॅडमनाही मी बोलले. या बाई म्हणजे आमच्या शाळेचं गणित. आवाज असा की एका वर्गात शिकवलं की पलीकडच्या तिसऱ्या वर्गातल्या पोरांचीही उजळणी होते. दहावीच्या निकालावर शाळेचं नाव टिकून आहे आणि तो निकाल त्यांच्यामुळे टिकून आहे. दुपारच्या डब्यात स्वतःच्या शेतातला आंबेमोहोर आणतात आणि सगळ्यांच्या ताटात वाढल्याशिवाय जेवत नाहीत.

“मी चोरी केली का? मागून घेतले तास,” त्या म्हणाल्या.

“संगीताला श्रेणी कशी दिली मग? तास न होता?”

“ती सरांनी दिली. सगळ्यांना अ-दोन. गरीब माणूस आहे, कुणाला कमी देत नाही.”

“ते अर्धवेळ होणार आहेत.”

जगताप मॅडमचा हात डब्यातच थांबला. “हे नव्हतं मला माहीत,” त्या म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी मला भात वाढला नाही. रागाने नव्हे, विसरल्याच.

शनिवार उजाडला. माझ्याकडे मांडायला काहीही नव्हतं. मीटिंगआधी ऑफिसात बसून वेळापत्रकाचे तक्ते पुन्हा एकदा बघावेत म्हणून इथे आल्यापासून पहिल्यांदाच मी शाळा भरायच्या बऱ्याच आधी पोचले. फाटकातून आत येते तर गाणं ऐकू आलं.

रंगमंचाच्या ओट्यावर कोळवण खोऱ्यातून एसटीने येणारी सगळी पोरं मांडी घालून बसली होती. तिसरीतली, सहावीतली, नववीतली, एकत्रच. समोर पेटी घेऊन टेमघरे सर. गवळण चालली होती. ओळ उचलत होती ती सातवीतली सानिका. वर्गात विचारलं तर नावसुद्धा पुटपुटत सांगणारी ही मुलगी. इथे डोळे मिटून, मान सरळ ठेवून गात होती, आणि बाकीची पोरं तिच्या मागे अर्धी दोन आवाजांत, अर्धी टाळ्यांनी ताल धरून. मध्येच एक लहानगा चुकला तर सरांनी पेटी थांबवली. “नाही. पुन्हा,” म्हणाले. हा ‘नाही’ शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

मी तिथेच उभी राहिले.

गवळण संपल्यावर मी विचारलं, “सर, हे कधीपासून?”

“बरीच वर्षं झाली. कोळवणची एसटी लवकर येते ना मॅडम, दुसरी सोयीची नाही. मी पण तिनेच येतो. पोरं फाट्यावर हिंडायची, गाड्यांच्या मध्येमध्ये पळायची. म्हटलं, बसवावं.”

“रोज?”

“एसटी रोजच येते.”

“आणि हे तुम्ही मला सांगितलं नाहीत? मी आठवडाभर वर्गावर्गात फिरतेय!”

सरांना खरंच नवल वाटलं. “हे शाळेचं कुठे आहे, मॅडम? हे तर शाळा भरायच्या आधीचं.”

म्हणजे बघा. ज्या माणसाची नोकरी चालली होती, तो रोज सकाळी आपलं काम चोख करत होता, आणि ते वेळापत्रकात नाही म्हणून त्याने ते कामात धरलंच नव्हतं. मला त्यांचा भयंकर राग आला आणि त्याच वेळी त्यांच्यावर इतकी माया आली की मी त्यांच्या पेटीशेजारी ओट्यावर बसले. “एक अजून घ्या,” म्हटलं.

त्यांनी घेतलं. तेवढ्यात पालक यायला लागले.

पालक प्रतिनिधी पल्लवी वानखडे सर्वांत आधी आल्या. अमरावतीकडच्या, हिंजवडीत एका आयटी कंपनीत, राहायला नांद्याजवळच्या सोसायटीत. सोसायटीतली मुलं स्कूल व्हॅनने येतात आणि व्हॅन बरोबर घंटेला फाटकात शिरते. रोबोटिक्सची मागणी मुळात याच गटाची. त्यांच्यासोबत त्यांची सहावीतली ईरा होती. दोघी ओट्यासमोर थांबल्या.

“मॅडम, हे कुठल्या अकॅडमीचे सर आहेत? बाहेरून बोलावलेत का?”

“आमचेच संगीत शिक्षक आहेत.”

“म्हणजे ईराला शिकवतात ते?” त्यांनी लेकीकडे पाहिलं. “तुला येतं का गं हे?”

ईराने मान हलवली. “आम्हाला संगीतात सायन्स असतं.”

पल्लवीताईंचा चेहरा बदलला. “रिपोर्ट कार्डवर तर अ-दोन आहे,” त्या हळूच म्हणाल्या. मी तक्त्यांची गुंडाळी उगाचच नीट करायला लागले.

मीटिंग सुरू झाली. अण्णांनी घसा साफ केला. “रोबोटिक्ससाठी संगीताचे दोन तास द्यायचे, असा विषय हाय. कुनाची हरकत?”

“माझी आहे,” पल्लवीताई उठल्या.

“आवो ताई, तुमच्याचसाठी तर आनतोय की रोबोट!”

“रोबोट आणा. पण सकाळी एसटीची मुलं इतकं सुंदर गातात आणि आमच्या मुलांना एक सूर येत नाही, हे कसं काय? आमची मुलं परकी आहेत का या शाळेत? मला ईरासाठी हेच सर हवेत.”

अण्णा गोंधळले. “सकाळचं गानं? ते आपल्या शाळेतलं हाय? म्या तर रोज दात घासताना ऐकतो. मला वाटायचं देवळातला स्पीकर हाय!”

सगळे खो-खो हसले. टेमघरे सर खिडकीबाहेर बघायला लागले. तेवढ्यात कोळवणचे नामदेवभाऊ उठले. ते जीप चालवतात. सानिकाचे वडील.

“मी बोलू का? गानं आमच्या पोरीला आमच्या भजनी मंडळात बी मिळंल. आमच्या घरात समदी गात्यात. तिला त्यो रोबोट दावा. त्यो काय आमच्या खोऱ्यात मिळायचा न्हाई.”

म्हणजे सोसायटीला गाणं हवं होतं आणि खोऱ्याला रोबोट. मी मनात दोघांनाही हात जोडले. नियोजन करणाऱ्या माणसाला असे पालक रोज भेटत नाहीत.

पण अण्णा व्यवहारात पक्के. त्यांनी हिशोब बरोबर दुसऱ्या टोकाने धरला. “मंग सोपं हाय. सर सकाळी येत्यातच. गानं सकाळीच चालू द्या, आन् तास रोबोटला द्या. समद्यांचं भागलं.”

यात सगळ्यांचं भागत होतं, फक्त सरांचं सोडून. अण्णा सरांकडे वळले. “काय सर? तुमची काय हरकत?”

“माझी काही हर...”

“सर,” मी म्हटलं, “तुम्ही जरा बाहेर जाऊन चहाचं बघता का?”

सर लगबगीने चहाचं बघायला गेले. दार लागल्यावर मी बोलले. जरा चढ्या आवाजातच. “अण्णा, सकाळी व्हॅन येत नाही, म्हणजे पल्लवीताईंच्या ईराला काही मिळणार नाही. आणि तास काढले की सर अर्धवेळ होतात. ते स्टोअरला जातील. मग सकाळीही कुणी नाही आणि दुपारीही कुणी नाही. हा माणूस तुम्हाला कधीच नाही म्हणणार नाही, म्हणून आपणच त्याच्या वतीने म्हणायला पाहिजे.”

अण्णांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “मंग तुमचं काय म्हननं हाय?”

मी तक्ता उलगडला. पाचवी ते आठवीला गणिताच्या नेमलेल्या तासांच्या वर ‘सराव’ नावाचे जादा तास होते. ते मी तिथेच पेन्सिलीने काढून रोबोटिक्सला दिले, दिवसाच्या शेवटी. मुलं दमलेली असतात, हाताने काही जोडायला-मोडायला मिळालं तर जागी राहतील. आणि संगीत तिथून उचलून पहिल्या तासाला ठेवलं.

“पहिला तास?” जगताप मॅडमचा आवाज बहुतेक फाट्यापर्यंत गेला. “अहो, पहिल्या तासाला मुलांचं डोकं ताजं असतं! तो गणिताचा तास आहे!”

“ताजं डोकं कधीतरी संगीतालाही मिळू दे की.”

“आणि निकाल?”

“आठवड्यातले दोनच दिवस देतेय मी संगीताला. बाकीचे दिवस पहिला तास तुमचाच.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बंद दाराकडे. दारापलीकडे सर कपबशा मांडत असल्याचा आवाज येत होता. “एक वर्ष,” त्या म्हणाल्या. “एकच.”

अण्णांनी टोपी परत डोक्यावर चढवली. “एक साल करून बघू. पर म्या आताच सांगतो. हे तास बी जर त्यांनी वाटून टाकले, तर मंग सर अर्धवेळ. मंग मला बोलायचं न्हाई.”

मी बाहेर जाऊन सरांना निरोप सांगितला. तास पहिला, अट अशी. “दिलात कुणाला तर नोकरी गेली. कळलं?”

“कळलं,” सर म्हणाले. “साखर कमी की जास्त?”

जूनमध्ये नवं वेळापत्रक लागलं. पहिले काही दिवस गोंधळ झाला. व्हॅन उशिरा आली की पोरं दप्तरं पाठीला तशीच ठेवून गाण्यात येऊन बसायची. सोसायटीच्या मुलांचे सूर जागेवर नव्हते, ते कोळवणच्या पोरांनी धरून ठेवले. सानिका शेवटच्या तासाला रोबोटच्या चाकांत डोकं घालून बसायला लागली आणि ईराला एकदा गवळणीत ओळ उचलायला मिळाली. पल्लवीताईंनी ती मोबाइलवर इतक्यांदा ऐकवली की मलाही पाठ झाली. हे सगळं छानच होतं. पण मी श्वास रोखून होते ते वेगळ्याच गोष्टीसाठी.

ती गोष्ट पावसाळा संपता संपता घडली. घटक चाचणी तोंडावर आली होती. मी व्हरांड्यातून जात होते आणि संगीताच्या खोलीच्या दारात जगताप मॅडम उभ्या दिसल्या. सवय वाईट असते.

“सर, सातवीचे अपूर्णांक राहिलेत हो. आजचा तेवढा तास द्याल का? उद्या माझा घ्या.”

मी खांबाआड थांबले. आत सातवी बसलेली. सर पेटीचा भाता हातात धरून त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसत होतं, की जगताप मॅडमच्या अपूर्णांकांचं त्यांना मनापासून वाईट वाटतंय.

“नाही,” सर म्हणाले.

जगताप मॅडमना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. “काय?”

“नाही देता येणार, मॅडम. मुलं बसलीत.” आणि लगेच, घाबरून, “रागावलात का?”

जगताप मॅडम वळल्या, मला खांबाआड पाहिलं आणि तिथेच हसायला लागल्या. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. “शिकला बाई एकदाचा,” म्हणाल्या. आत सरांनी भाता ओढला आणि सातवी गायला लागली.

वर्ष संपलं. दहावीचा निकाल जसा लागायचा तसाच लागला. पाचवी ते आठवीच्या गणितातही काही पडझड झाली नाही. सर पूर्णवेळ राहिले. स्टोअरच्या जागेवर मेव्हण्याने दुसरं कुणीतरी लावून दिलं. नियोजन करून मी जे मिळवलं ते एवढंच, की एका शिक्षकाला स्वतःचा तास मिळाला आणि पोरांना तो शिक्षक मिळाला.

परवा अण्णा ऑफिसात आले ते तक्रार घेऊनच. “मॅडम, कंपनीवाला म्हनतोय, रोबोटिक्सचे निम्मे तास झालेच न्हाईत. दर टायमाला तितं जगतापबाई अपूर्णांक शिकवत्यात.”

मी तपास करते म्हटलं. तपासायला काय होतं म्हणा, तास शेवटचा होता. आता पुढच्या वर्षीचा कोरा तक्ता समोर घेऊन बसले आहे. संगीत, चित्रकला, खेळ आणि या वेळी रोबोटिक्ससुद्धा, असे सगळे विषय मी आधी भरून घेतलेत, आणि गणित सगळ्यात शेवटी ठेवलंय. जगताप मॅडम आहेत तोवर गणिताला जागा मिळेल की नाही, याची काळजी मला करावी लागत नाही.